बाटलीवरची हळद

"मामा, पिंजऱ्याला हळद कुणी लावली?"

जहाजाच्या खानावळीत मी चहात बिस्कीट बुडवून बसलो होतो. वृंदा दारातच उभी होती. अंगात डेकवरचा जाड लाल कोट, आणि थंडीनं नाकही कोटाच्या रंगाचं झालेलं. मला वाटलं, पोरगी खूश होऊन विचारतेय.

"म्या लावली की," मी म्हणालो. "काल खंडेनवमी हुती. तुमा कुनाच्याच ध्यानात न्हाई. म्हनलं, आपनच उरकून टाकावं."

"प्रत्येक बाटलीला?"

"मग? एकीला लावून दुसरीला न लावून कसं चालंल? रुसंल की ती."

एरवी अशा बोलण्यावर ती हसायची. या वेळी हसली नाही. "माझ्याबरोबर चला," एवढंच म्हणाली आणि वळली. माझं बिस्कीट तोवर चहाच्या तळाला गेलं होतं. ते तसंच सोडून मी तिच्यामागून निघालो.

मी चौगुले, मूळचा इचलकरंजीचा. गोव्यातल्या एका समुद्रसंशोधन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये यंत्रं बनवायची आणि ती जहाजावर नेऊन समुद्रात सोडायची, हे माझं काम. आमच्या वडिलांचं लेथचं दुकान होतं, मागाचे सुटे भाग करून द्यायचे. खंडेनवमीला ते लेथ रॉकेलनं पुसून लख्ख करायचे, हळदकुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायचे आणि दिवसभर त्याला कामाला जुंपायचे नाहीत. वर्षभर ज्याच्या जिवावर खातो त्याला एक दिवस तरी नमस्कार करावा, इतकं सरळ होतं ते. पुढं मी डिप्लोमा केला, नोकरीला लागलो, ग्रीनलंडच्या बाजूला बर्फाच्या कडेकडेनं भाड्याच्या जहाजावरून हिंडायला लागलो, तरी माझ्या बॅगेत सौ. हळदकुंकवाची पुडी न चुकता घालायची.

त्या सफरीत आम्ही तिघेच मराठी. एक मी, एक वृंदा सोहनी आणि तिसरे तिचे गाईड डॉ. हेगिष्टे. सफरीचे प्रमुखही तेच. माणूस हुशार, पण बोलणं मोजकं आणि हसणं त्याहून मोजकं. वृंदाचं पीएच. डी. त्या सफरीवर अवलंबून होतं. संस्थेनं दिलेली मुदतवाढ संपत आली होती आणि पुन्हा जहाजावर जागा मिळेल याची खात्री नव्हती. तिचा विषय मला तिनंच पहिल्या दिवशी समजावून सांगितला होता.

"मामा, सायबेरियातल्या नद्या जंगलातून, दलदलीतून येतात. तिथं पाला कुजतो, मुळं कुजतात. त्याचा अर्क पाण्यात विरघळतो."

"च्याच्या पावडरीवानी."

"अगदी तस्साच. नदी समुद्राला मिळाली तरी तो अर्क लगेच मोडत नाही, वर्षानुवर्षं पाण्यात राहतो. न दिसणाऱ्या जांभळ्या प्रकाशाखाली तो चमकतो. किती चमकतो ते मोजलं की ध्रुवाकडून वाहत आलेलं हे पाणी मुळात कुठलं, ते सांगता येतं."

"म्हंजी पान्याला इचारायचं, पाव्हनं, गाव कंचं?"

ते तिला इतकं आवडलं की त्यानंतर पिंजरा वर आला की मी ओरडायचो, "गाव कंचं?" आणि ती प्रयोगशाळेतून उत्तर द्यायची. पिंजरा म्हणजे लोखंडी गोल चौकट. तिच्यात उभ्या बाटल्या बसवलेल्या. उघड्या तोंडानं खाली जातात, पाहिजे त्या खोलीला खटकन मिटतात आणि तिथलं पाणी घेऊन वर येतात. पण सफर अर्धी झाली तरी उत्तर एकच येत होतं, "अजून कुठलंच नाही, मामा." पोरीचं तोंड उतरत चाललं होतं. जेवायला बसली की घास चिवडत राहायची. म्हणून खंडेनवमीच्या सकाळी पिंजरा पाण्यात जाण्याआधी मी पुडी काढली, हातमोजा उतरवला आणि एकेका बाटलीला बोट टेकवलं. तोटीच्या वर, मधोमध. बोटं थंडीनं बधिर झाली होती. मनात म्हणालो, बायांनो, पोरीला यश द्या.

आणि त्याच खेपेला यश आलं होतं. इतके दिवस रांगणारा चमकेचा आकडा एकदम चौपट वर गेला होता. तेही वरच्या पाण्यात नाही, खाली, जिथं नदीचं पाणी पोचायला नको तिथं.

प्रयोगशाळेत हेगिष्टे सर स्क्रीनसमोर उभे होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"असं असूच शकत नाही," ते म्हणाले. "इतक्या खोल इतका आकडा. बाटलीत काहीतरी गेलंय, हे मी हिला सकाळीच म्हटलं."

वृंदानं काडीला चिकटलेला कापूस पुढं केला. तोटीच्या खाचेतून पुसून आणलेला, पिवळाधम्मक. तिनं तो स्पिरिटच्या कुपीत बुडवला, खोलीतला दिवा बंद केला आणि हातातला छोटा जांभळा दिवा लावला. कुपी हिरवीगार पेटली. हळद अशी पेटते हे मला ठाऊक नव्हतं. आयुष्यभर देवाला, लेथला, बायकोच्या कपाळाला लागलेली हळद मी पाहिली होती, पण अशी कधी पाहिली नव्हती.

वृंदाच्या दुसऱ्या हातात आणखी एक कुपी होती, खोल पाण्यातून काढलेल्या अर्काची. तीही तिनं दिव्याखाली धरली, क्षणभरच. मी तिच्या उलट बाजूला होतो, माझ्याकडे तिची पाठ होती आणि सर स्क्रीनकडे वळले होते. मग ती कुपी तिनं स्टँडला लावली आणि दिवा विझवला.

"आमचं यंत्र फक्त चमक मोजतं, मामा," ती म्हणाली. "कशाची चमक, ते इथं नाही कळत. त्याचं मोठं यंत्र गोव्याला आहे."

"म्हंजी ह्यो आकडा हळदीचा?"

तिनं सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "दुसरं काय असणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओरडले असते, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सरांनी नुसता चष्मा काढून पुसला. वृंदा कापसाची काडी कचऱ्यात टाकून हात धूत बसली, कितीतरी वेळ.

"पोरी," मी म्हणालो, "तुझ्याच पायी लावली हुती गं."

"माहीत आहे, मामा." तिनं मागं वळून पाहिलं नाही.

दुपारी बैठक झाली. वारा उत्तरेकडून फिरला होता आणि बर्फ खाली सरकत होतं. कप्तानाचं म्हणणं साफ होतं, एकच काम होईल. एकतर मागं फिरून त्याच जागी पुन्हा पाणी घ्या, नाहीतर पुढं जाऊन पेटी काढा. दोन्ही जमणार नाही.

पेटी माझी होती. तिला सगळे पाणीपेटी म्हणायचे. वर्षापूर्वी आम्ही ती तिथं बुडवून ठेवली होती. दर आठवड्याला घोटभर पाणी आत ओढून कोंडून ठेवणारी. हिवाळ्यात वर बर्फ धरलेलं असताना तिथं कुठलं जहाज जातंय? त्या दिवसांतलं पाणी कुणी पाहिलेलंच नव्हतं. ती पेटी बनवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती. वर्कशॉपमधली पोरं तिला माझी धाकटी लेक म्हणायची. तिच्या तळाला वजन आणि वजनाला हूक. जहाजावरून आवाजाची खूण दिली की हूक सुटायचा आणि पेटी तरंगत वर यायची. मात्र हुकाची बॅटरी संपली की ती बहिरी. मग वरून कितीही हाका मारा.

"पेटी काढायची," सर म्हणाले. "वर्षभराचं पाणी आहे त्यात. वृंदाच्या नमुन्यांचं नुकसान झालं, त्याला इलाज नाही."

वृंदा टेबलाकडे बघत बसली होती. नखानं प्लायवूडची कड खरवडत होती. तिच्या तीन वर्षांच्या कामाची माती माझ्या बोटानं झाली होती, आणि तिला वाचवायला आता माझंच काहीतरी मोडायला हवं होतं.

"सर," मी म्हणालो, "पेटी पुढल्या साली काढू. मागं फिरूया."

"बॅटरी टिकेल?"

"दोन वर्सं आरामात. नव्या जातीची घातलीया."

"नक्की?"

"माझी पेटी हाय, सर. मला ठावं न्हाई व्हय?"

ती बॅटरी मी माझ्या हातानं बसवली होती. नाताळापर्यंत तग धरेल, त्यापुढं नाही, हे मला पक्कं माहीत होतं. वृंदानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि मिटलं. मला वाटलं, पोरीला संकोच वाटतोय. मी तिला हातानंच खूण केली, गप.

मागं फिरलो. वाटेत मी पिंजरा सोडवून एकेक बाटली घासली. आधी साबण, मग स्पिरिट, मग आम्लाचं पाणी. तोटीच्या खाचा दाभणानं कोरून काढल्या. घासताना माझ्याच हळदीची मला शिसारी आली होती. उरलेली पुडी मी समुद्रातही टाकली नाही. न जाणो, तिथंही कुणाचा आकडा बिघडायचा. ती चिंधीत बांधून बॅगेच्या तळाला कोंबली.

पाणी वर आलं तेव्हा मी "गाव कंचं?" असं ओरडलो नाही. वृंदा प्रयोगशाळेत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. मी बाहेरच्या बोळात पाइपाला टेकून उभा राहिलो. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"मिळालं, मामा."

"सवच्छ?"

"हो. स्वच्छ." आणि ती रडायलाच लागली. मी तिला रुमाल दिला, ग्रीसचे डाग असलेला. म्हणालो, "गप, गप. झालं न्हवं काम? मग?" ती आणखीच रडली. मला वाटलं, सुटकेचं रडू. आकडा किती आला, हे विचारायची हिंमत मला झाली नाही. आधीचा आकडा माझ्या हळदीचा होता, तो विषय मला पुन्हा काढायचा नव्हता.

दुसऱ्या वर्षी पुन्हा गेलो. या खेपेला उन्हाळ्यातच, समुद्र तेलासारखा शांत. मी कानाला हेडफोन लावून डेकवर बसलो आणि हाक मारली. उत्तर येणार नाही हे मला वर्षभर माहीत होतं, तरी मारली. परत मारली. जहाज थोडं पुढं नेऊन मारली, मागं आणून मारली. खाली माझी पेटी होती, पोटात वर्षभराचं पाणी घेऊन, पण तिला ऐकू येत नव्हतं.

"दोन वर्षं म्हणाला होतात," सर म्हणाले.

"सेलच खराब निघालं असतील." हे दुसरं खोटं.

वृंदा माझ्या मागं उभी होती. केव्हा आली आणि केव्हा गेली, कळलं नाही. त्या सफरीत ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. मी मनात म्हटलं, बरोबरच आहे, हिच्या डोळ्यांसमोर अजून ती पिवळी काडीच असणार.

मग खंडेनवमी आली. गोव्यात वर्कशॉपमध्ये पोरांनी ड्रिलला, ग्राइंडरला, वेल्डिंगच्या मशीनला हळदकुंकू लावलं, झेंडू घातले. माझं लेथ माझं मीच पुसायचो, त्यामुळं त्याला कुणी हात लावला नव्हता. ते तसंच होतं, बोडकं. पोरं पेढे खाऊन घरी गेली. मी कुलूप लावायच्या तयारीत होतो, तेवढ्यात वृंदा आली. हातात थर्माकोलचा डबा आणि एक कागदाची पुडी.

"लेथला नाही लावली?"

"आता न्हाई लावत."

"का?"

"नगं. कुनाच्या तरी पान्यात जाती."

तिनं डबा टेबलावर ठेवला. "मामा, ती हळद नव्हती."

"बरं."

"खरंच नव्हती. दुसऱ्यांदा पाणी घेतलं तेव्हाही आकडा तोच आला. तेवढाच. ते सायबेरियातल्या लेना नदीचं पाणी होतं, दोन्ही वेळा. गोव्याच्या यंत्रानंही तेच सांगितलं."

मी हसलो. मला वाटलं, पोरीनं ठरवून आणलंय हे. पेटी गेली, मामा खचलाय, त्याला बरं वाटावं. "तू लई भली हाईस," मी म्हणालो. "पर म्हाताऱ्याची समजूत काडायला खोटं कशाला बोलतीस?"

"खोटं नाही बोलत."

"मग तवा जहाजावर का न्हाई सांगितलंस, आकडा तोच आलाय म्हनून?"

तिनं डबा उघडला. आतून दोन कुप्या काढल्या आणि तो जांभळा दिवा. खिडकीची पत्र्याची झाप ओढली. पुडीतली चिमूटभर हळद एका कुपीत टाकून हलवली.

"ही तुमची. आणि हा त्या पहिल्या दिवसाचा अर्क, तुमच्या हळद लावलेल्या बाटलीतल्या पाण्याचा. मी जपून ठेवला होता."

तिनं दिवा लावला. एक कुपी हिरवी झाली आणि दुसरी निळी. आंधळ्यालासुद्धा फरक कळला असता. हिरव्याचा लवलेशही त्या निळ्यात नव्हता.

मी दोन्ही हातांत घेतल्या. इकडची तिकडं केली, पुन्हा तिकडची इकडं केली. हळूहळू मला ती जहाजावरची खोली आठवायला लागली. तिचे दोन हात. तिची पाठ.

"ही दुसरी तवा तुझ्या हातात हुती," मी म्हणालो.

"हो."

"दिव्याखाली धरली हुतीस."

"हो."

"मग? दिसलं न्हाई?"

"दिसलं, मामा. निळीच होती. तो आकडा इतका मोठा होता की माझाच विश्वास बसेना. सर म्हणाले असूच शकत नाही. आणि तोटीला हळद सापडली. मला वाटलं, सुटले. हळदीवर ढकललं की पुन्हा पाणी मागता येईल, खात्री करून घेता येईल. मला एकदाच, पुन्हा एकदाच पाणी हवं होतं. तुमची पेटी जाईल असं... बैठकीत मी बोलणार होते. तुम्ही म्हणालात बॅटरी दोन वर्षं टिकते. मी म्हटलं, मग कुणाचंच काही जात नाही. उन्हाळ्यात तुम्ही हाका मारत होतात तेव्हा कळलं."

मी दिवा विझवला. झाप वर केली. डोळ्यांवर ऊन आलं.

वर्षभर मी सौ.च्या हातची हळद घातलेली आमटी खाताना मान खाली घालत होतो. देवघरासमोर उभं राहायची लाज वाटत होती. आमच्या वडिलांचा एवढा एकच संस्कार मी जपला होता, आणि त्यानंच एका पोरीचं वाटोळं केलं, असं स्वतःला रोज सांगत होतो. त्यातून मी एकदम सुटलो. सुटल्याचा आनंद मात्र कुठं दिसेना. त्या जागी पेटी दिसत होती, तळाला, अंधारात, वाट बघत असलेली.

"आन पुडी," मी म्हणालो.

तिनं पुडी पुढं केली. मी रॉकेलचा बोळा घेऊन लेथ पुसलं, अगदी वडील पुसायचे तसं, पाट्यापासून हँडलपर्यंत. त्याला हळदकुंकू लावलं. मग पाने, हातोडी, मायक्रोमीटर, मापाच्या पट्ट्या. ड्रॉवर उघडून जुन्या कानशी काढल्या, त्यांनाही लावलं. पोरांनी लावलेल्या मशीनलाही मी पुन्हा लावलं. वृंदा भिंतीला टेकून बघत होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. शेवटी टेबलावर एकटा तो जांभळा दिवा उरला.

"मामा," ती म्हणाली, "याला?"

माझं बोट हळदीत होतं. दिवा हाताच्या अंतरावर होता. तिला कुणी विचारलं नव्हतं, कुणाला कधी कळणारही नव्हतं, तरी ती आपल्या पायांनी चालत येऊन सांगून मोकळी झाली होती. हे मला तेव्हाही कळत होतं.

"त्याला कशाला?" मी म्हणालो. "त्याला सगळं दिसतंय की."

तिनं दिवा डब्यात ठेवला, कुप्या ठेवल्या, झाकण दाबून बसवलं. दारात जाऊन वळली, वाकून मला नमस्कार केला आणि गेली. पुढं तिचं पीएच. डी. झालं, नाव झालं, ती परदेशी निघून गेली. पेढे घेऊन आली होती म्हणे, मी तेव्हा रजेवर होतो.

दिव्याबद्दल ते बोलायला नको होतं. तिच्या मागोमाग चार पावलं टाकली असती तरी ती आवारातच भेटली असती. मी गेलो नाही. बोटाला हळद उरली होती, एका ठिपक्यापुरती. ती मी पँटीला पुसली आणि वर्कशॉपला कुलूप लावलं.